मदतीचे पैसे दारूत जातात का?

सरकारने गरिबांसाठी कोणतीही नवी योजना जाहीर केली, की आठवड्याच्या आत एक वाक्य कानावर येतंच: "पैसे हातात पडले की जातील थेट गुत्त्यावर." संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान असो, अतिवृष्टीची भरपाई असो, नाहीतर लाडक्या बहिणीचे दीड हजार असोत, वाक्य तेच. ते बोलणारा माणूस काही दुष्ट नसतो. पगाराच्या दिवशी घरी न पोचलेला, कोपऱ्यावर लवंडलेला कुणीतरी त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. त्या एकाला पाहून त्याने बाकीच्या सगळ्यांबद्दल मत बनवलेलं असतं, एवढंच.

पण या एका वाक्यात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. माणूस व्यसनामुळे गरीब होतो का? गरिबाला दिलेली मदत व्यसनावर उडते का? आणि ज्याला खरोखरच व्यसन जडलंय, त्याची मदत बंद केली तर तो सुधारतो का? हे तिन्ही प्रश्न जगात ठिकठिकाणी मोजून पाहिले गेले आहेत. म्हणून एकेक प्रश्न सुटा करून पाहू.

लंडनची मोजदाद

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये गरिबीचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं: आळस आणि दारू. १८६९ मध्ये लंडनमध्ये 'चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी' स्थापन झाली. मदत मागणाऱ्यांच्या घरी जायचं, चौकशी करायची, लायक कोण आणि नालायक कोण ते ठरवायचं आणि लायकांनाच हात द्यायचा, अशी तिची रीत. आपल्याकडच्या पुष्कळ योजनांच्या चौकशीत ही रीत आजही सापडते.

चार्ल्स बूथ हा लिव्हरपूलचा जहाजमालक. लोक गरिबीबद्दल बोलतात फार, पण मोजत कुणीच नाही, हे त्याला खटकलं. १८८६ च्या सुमारास त्याने स्वतःच्या खर्चाने लंडनची पाहणी सुरू केली. गल्लीगल्लीतली घरं ज्यांना पाठ होती अशा शाळातपासनिसांकडून त्याने माहिती गोळा केली आणि सुमारे चार हजार गरीब कुटुंबांच्या गरिबीची कारणं तक्त्यात मांडली. सर्वांत खालच्या थरातल्या १,६१० कुटुंबांत दारू, उधळपट्टी वगैरे सवयी हे मुख्य कारण निघालं १४ टक्के ठिकाणी. त्यांच्याहून जरा बऱ्या स्थितीतल्या २,४६६ कुटुंबांत याच सवयींचा एकूण वाटा १३ टक्के. आणि काम? तुटपुंजी मजुरी, आज आहे उद्या नाही असा रोजगार, हे कारण पहिल्या गटात ५५ टक्के आणि दुसऱ्यात ६८ टक्के. उरलेल्यात आजारपण आणि खाणारी तोंडं जास्त, ही कारणं.

बूथचे आकडे दोन्ही बाजूंना अडचणीचे आहेत. दारू गरिबीचं कारण नाहीच, असं त्यावरून म्हणता येत नाही. आठात एखादं घर तिने बुडवलेलं होतंच. पण उरलेली सात घरं दारूशिवायच गरीब होती, आणि त्यांची चौकशी मात्र दारूच्या संशयावरून चालली होती.

बूथच्या मागोमाग सीबोम राउंट्री या चॉकलेटच्या कारखानदाराच्या मुलाने यॉर्क शहराची पाहणी केली आणि १९०१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. घराणं क्वेकर पंथाचं, म्हणजे दारूचं कट्टर विरोधक. त्याने गरिबीचे दोन भाग केले. काटकसरीची कमाल करूनही ज्यांना पोट भरणं शक्य नव्हतं, ते प्राथमिक गरीब: शहराच्या लोकसंख्येच्या ९.९१ टक्के. मिळकत कशीबशी पुरेल इतकी, पण त्यातला काही भाग दुसरीकडे वळल्यामुळे जे गरिबीत, ते दुय्यम गरीब: १७.९३ टक्के. या दुसऱ्या गटात दारूचा हात मोठा आहे, असं त्याने सरळ लिहिलं. त्यापुढे जाऊन त्याने असंही नोंदवलं, की ही दारू कोंदट खोल्यांतून, मरगळून टाकणाऱ्या कामातून आणि दुसरा विरंगुळा नसलेल्या आयुष्यातून येते. कारण आणि परिणाम एकमेकांचे पाय ओढतात, हे त्याला दिसलं होतं.

त्याच काळात पुण्यात जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकानं वाढू लागली तेव्हा १८८० च्या जुलैमध्ये त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून विरोध नोंदवला. गरीब माणूस पितो म्हणून त्याला बोल लावण्याऐवजी त्याच्या दारात दुकान कुणी मांडलं, हा प्रश्न त्या विरोधामागे होता. या प्रश्नाकडे आपल्याला शेवटी परत यावं लागणार आहे.

दिलेले पैसे कुठे जातात?

आता दुसरा प्रश्न. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने २०११ साली संशयाचा कायदाच केला. लहान मुलं असलेल्या गरजू कुटुंबांना मिळणारी रोख मदत हवी असेल, तर आधी अर्जदाराने स्वतःच्या खर्चाने अमली पदार्थांची तपासणी करून घ्यायची. तपासणीत निर्दोष ठरला तर खर्च सरकार परत करणार. हा कायदा जेमतेम चार महिने चालला. त्या अवधीत ४,०८६ जणांची तपासणी झाली आणि दोषी निघाले १०८, म्हणजे २.६ टक्के. त्याच वर्षीच्या देशव्यापी पाहणीत १२ वर्षांवरच्या ८.७ टक्के अमेरिकनांनी गेल्या महिन्याभरात बेकायदा अमली पदार्थ घेतल्याचं स्वतः सांगितलं होतं. दोन पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या, तेव्हा आकड्याला आकडा भिडवणं बरोबर नाही. पण ज्या झुंडीच्या भीतीने कायदा केला, ती काही सापडली नाही. निर्दोष ठरलेल्यांना तपासणीचे एक लाख अठरा हजार डॉलर परत करावे लागले आणि मदत नाकारून जे वाचले त्याहून हा खर्च जास्त भरला. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायालयाने तपासणी थांबवली आणि पुढे कायदाच घटनाबाह्य ठरवला. गरीब आहे एवढ्या कारणावरून कुणाची झडती घेता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

फ्लोरिडा हे एक राज्य झालं. जागतिक बँकेतले डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातल्या १९ अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले. प्रश्न एकच होता: रोख मदत मिळाल्यावर घरातला दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का? २०१४ मध्ये मांडलेलं आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं त्यांचं उत्तर असं, की जवळजवळ सगळीकडे तो खर्च एकतर होता तेवढाच राहतो, नाहीतर कमी होतो.

यावर एक रास्त शंका निघते. पैसे बाईच्या हातात दिले म्हणून वाचले असतील, पुरुषाच्या हातात दिले असते तर? केनियातल्या एका प्रयोगात हेही पाहिलं गेलं. काही घरांत रक्कम नवऱ्याला, काही घरांत बायकोला, आणि कुणाला द्यायची ते चिठ्ठी टाकावी तसं ठरवलेलं. दारू-तंबाखूचा खर्च दोन्हीकडे वाढला नाही.

आपल्या जवळचं उदाहरण मध्य प्रदेशातलं. 'सेवा' या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने इंदूरच्या परिसरातल्या आठ गावांत २०११-१२ मध्ये दीड वर्ष एक प्रयोग केला. गावातल्या प्रत्येक प्रौढाला महिना २०० रुपये, प्रत्येक मुलामागे १००, पुढे वाढवून ३०० आणि १५०. अट काहीही नाही. श्रीमंत, गरीब, पिणारा, न पिणारा, सगळ्यांना सारखे. शेजारच्या तशाच बारा गावांना पैसे दिले नाहीत आणि दोन्हीकडची तुलना केली. पैसे मिळालेल्या गावांत दारू वाढली नाही. खाणं सुधारलं, बियाणं-खत आणि शेळ्या-कोंबड्या आल्या, मुलांची शाळेतली हजेरी वाढली आणि सावकाराकडच्या फेऱ्या कमी झाल्या.

सर्वांत बोलकी हकिगत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली आहे. तिथल्या डोंगराळ भागातल्या मुलांच्या मानसिक आरोग्याचा एक मोठा अभ्यास १९९३ पासून चालू होता. १,४२० मुलं होती आणि त्यांतली साधारण पाव पूर्व चेरोकी या मूलनिवासी जमातीची. अभ्यास चालू असतानाच जमातीच्या जमिनीवर कॅसिनो निघाला आणि नफ्यातला वाटा जमातीच्या प्रत्येक माणसाला मिळू लागला. वर्षाला काही हजार डॉलर, हात न हलवता, तेही जुगाराच्या अड्ड्यातून आलेले! पुढे काय होणार याबद्दल कुणीही पैज लावली असती. मुलं मोठी झाल्यावर संशोधकांनी त्यांना पुन्हा गाठलं. पैसे सुरू झाले तेव्हा जी मुलं सगळ्यांत लहान होती, त्यांच्यात मोठेपणी दारू आणि गांजाचं व्यसन इतरांहून कमी आढळलं. जेन कॉस्टेलो या संशोधिकेने याचं कारण शोधलं तेव्हा घरातलं चित्र पुढे आलं. पैशाची ओढाताण कमी झाल्यावर आईबापांचं मुलांकडे लक्ष राहू लागलं होतं.

मग गरीब पीत नाहीत का?

पितात. या पुराव्याचा अर्थ 'गरिबांत दारूच नाही' असा काढणं म्हणजे डोळे मिटून घेणं आहे. बाहेरून आलेली मदत दारू वाढवत नाही, इतकाच त्याचा अर्थ. आधीपासून असलेली दारू घरात बसलेली असतेच.

आधी तिचा आवाका पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी साधारण १९ टक्के दारू घेणारे आढळले, महाराष्ट्रात सुमारे १४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात सात पुरुषांमागे सहा न पिणारे. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण थोडं अधिक. पिणाऱ्यांत सगळे व्यसनी नसतात. पण जिथे व्यसन जडतं, तिथे गरिबाच्या घरावर त्याचा घाव खोल बसतो. महिन्याला लाखभर मिळवणाऱ्याची रोजची क्वार्टर त्याच्या खर्चात दिसतही नाही. पाचशे रुपये रोजावर नाक्यावर उभ्या राहणाऱ्याची तेवढीच दारू घरातलं तेल, भाजी आणि मुलाची वही गिळून टाकते. काम मिळालं नाही त्या दिवशी उधारीवर पिऊन झालेलं असतं. म्हणजे पुढच्या रोजाचे पैसे आधीच गुत्तेवाल्याच्या वहीत जमा.

शरीराचीही तीच गत. स्कॉटलंडमधल्या पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत असं दिसलं, की सारखीच दारू पिऊनही गरीब वस्तीतल्या माणसाचं नुकसान सुखवस्तू माणसापेक्षा जास्त होतं. पोषण कमी, उपचाराला उशीर, जोडीला तंबाखू आणि सततचा ताण हे सगळं त्या यकृतावर एकत्रच येऊन पडतं.

आणि पिण्याचं कारण? चेन्नईच्या सायकल रिक्षावाल्यांना ते विचारलं गेलं, तेव्हा अंगदुखी आणि झोप ही उत्तरं पुन्हा पुन्हा आली. दिवसभर दोन-तीन माणसांचं ओझं पायांनी ओढल्यावर रात्री अंग ठणकतं, फुटपाथवर झोप लागत नाही आणि औषधाच्या दुकानापेक्षा दारूचं दुकान ओळखीचं असतं. फ्रँक शिलबाख या अर्थतज्ज्ञाने अशा २२९ चालकांबरोबर तीन आठवड्यांचा एक प्रयोग केला. चालकांनी रोज ठरलेल्या जागी यायचं, नळीत फुंकायचं आणि शुद्धीत असेल त्याला थोडे जास्त पैसे. जोडीला बचतीची सोय. ज्यांना शुद्धीत राहण्याचे पैसे मिळत होते, त्यांची बचत जवळजवळ निम्म्याने वाढली. याहून लक्षात राहणारी गोष्ट पुढे आहे. बिनशर्त मिळणारे जास्त पैसे घ्या, किंवा न पिण्याच्या अटीवर मिळणारे पैसे घ्या, असा पर्याय ठेवल्यावर कित्येक चालकांनी तोटा सोसून अटच पसंत केली. आपल्याला थांबायचं आहे आणि एकट्याने थांबता येत नाही, हे त्यांना समजत होतं. 'गरिबाला दारू सोडायचीच नसते' या समजाला याहून चोख उत्तर सापडणार नाही.

मदत तोडली तर?

तिसरा प्रश्न सगळ्यांत कठीण आहे, कारण तो खरोखर व्यसनी असलेल्या माणसाबद्दल आहे. त्याच्या हातात रोख पैसे ठेवणं म्हणजे त्याचा घात करणंच नाही का?

अमेरिकेने हा प्रयोगही करून पाहिला. १९७२ च्या कायद्याने तिथे वृद्ध, अंध आणि अपंग गरिबांसाठी मासिक मदत योजना आली आणि व्यसनामुळे काम करण्याची क्षमता गेलेल्यांनाही तिचा लाभ मिळू लागला. त्यांचे पैसे थेट त्यांच्या हातात पडत नसत. नातेवाईक, संस्था असा कुणीतरी जबाबदार माणूस ते स्वीकारून भाडं आणि किराणा भागवत असे. नव्वदच्या दशकात या योजनेविरुद्ध ओरड झाली. सरकार दारुड्यांना पोसतंय, अशी. १९९६ मध्ये कायदा बदलला आणि १ जानेवारी १९९७ पासून व्यसन हा आधारच काढून टाकला. सुमारे दोन लाख नऊ हजार लोकांना नोटिसा गेल्या. त्यांतले पुष्कळ जण दुसऱ्या आजाराच्या कारणावरून पुन्हा पात्र ठरले, कारण व्यसनाच्या आड मनोविकार किंवा शरीराचे जुने आजार होतेच. बाकीच्यांच्या वाट्याला उपचार आले नाहीत, पैसेही गेले आणि जबाबदार माणसाची देखरेखही संपली.

कॅनडातल्या व्हँकुव्हरचा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. तिथे सरकारी मदत महिन्यातल्या एका ठरलेल्या बुधवारी सगळ्यांना एकदम मिळते. त्या दिवसानंतर अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू वाढतात, हे वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. म्हणजे व्यसनी माणसाच्या बाबतीत पैसे कधी आणि कसे येतात, याने फरक पडतो. म्हणून एका प्रयोगात काही जणांना वेगवेगळ्या दिवशी किंवा महिन्यातून दोन हप्त्यांत पैसे दिले. ठरलेल्या बुधवारची झुंबड कमी झाली, पण काहींच्या बाबतीत दुसरे धोके वाढले. सगळ्यांबरोबर घेतात तेव्हा कुणीतरी शुद्धीवर असतं, मदतीला धावतं. एकट्याने घेतलं तर कुणाला कळतही नाही. तात्पर्य हे, की व्यसनाच्या बाबतीत वेळापत्रक बदलूनही उपचाराची जागा भरून निघत नाही.

आणि उपचारांचं आपल्याकडे काय आहे? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०१९ मध्ये आले. दारूच्या त्रासामुळे मदतीची गरज असलेले लोक सुमारे पावणेसहा कोटी. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळालेला आणि दर १८० मागे एकच जण रुग्णालयात दाखल होऊ शकलेला. ज्याचे सकाळी हात थरथरतात, ज्याला अचानक बंद केल्यावर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, त्याला आपण 'मनावर घे' असं सांगतो. मधुमेह्याला असा सल्ला कुणी देत नाही.

एका हाताने तांदूळ, दुसऱ्या हाताने दारू

आता फुल्यांच्या प्रश्नाकडे वळू. १९८३ मध्ये आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव सत्तेवर आले ते दोन रुपये किलो तांदळाचं आश्वासन देऊन. तांदूळ आला. त्याच राजवटीत सरकारी कारखान्यांतली अरक, म्हणजे स्वस्त देशी दारू, पाकिटांत भरून गावोगाव पोचवण्याची व्यवस्थाही उभी राहिली. राज्याचं दारूवरचं उत्पन्न १९७०-७१ मध्ये ३९ कोटी होतं, १९९१-९२ मध्ये ते ८१२ कोटींवर गेलं. स्वस्त तांदळाने घरात जे वाचलं, ते अरकेने त्याच घरातून उचललं.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला तो नेल्लोर जिल्ह्यातल्या बायकांनी, तोही साक्षरता वर्गात बसून. दुबगुंटा गावच्या बायकांनी अरकेचं दुकान बंद पाडलं. त्यांची गोष्ट साक्षरतेच्या वाचनपाठात आली आणि ती वाचून गावोगावच्या बायका उठल्या. १९९२ मध्ये त्यांनी अरकेचे लिलाव होऊ दिले नाहीत. ऑक्टोबर १९९३ मध्ये राज्यभर अरकबंदी झाली, जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी. पण तिजोरीची कुरकुर थांबली नाही. १९९६ मध्ये तांदळाचा दर दोनवरून साडेतीन रुपये झाला आणि १९९७ मध्ये दारूबंदी उठली.

ही गोष्ट परक्या राज्याची म्हणून सोडून देता येत नाही. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून 'माझी लाडकी बहीण' योजनेत २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बायकांच्या खात्यात महिना दीड हजार रुपये येऊ लागले. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादनशुल्क वाढवलं. त्यातून वर्षाला १४ हजार कोटींची जादा भर पडेल, असा अंदाज सांगितला गेला. दारू महाग होणं वाईट नाही, कर वाढला की पिणं घटतं, असाच जगाचा अनुभव आहे. पण दोन धोके ध्यानात ठेवावे लागतात. पहिला, अधिकृत दारू महागली की खिसा रिकामा असलेला हातभट्टीकडे वळतो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली, ती सगळी कष्टकरी वस्तीतली. दुसरा धोका अधिक खोल आहे. बहिणीचे पैसे भावाच्या पिण्यावर अवलंबून राहिले, तर पिणं कमी व्हावं असं तिजोरीला मनापासून वाटेल का?

सरसकट दारूबंदी हे उत्तर आहे का, यावर आपल्याकडे घरोघरी दोन तट आहेत. वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असूनही दारू मिळते, हे खरं. तरी गडचिरोलीचा अनुभव कागदी बंदीपुरता नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने आधी लोकांची चळवळ झाली, मग बंदी आली. २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमात गावसंघटना, अंमलबजावणी आणि व्यसनींवरचे उपचार एकत्र चालवले जातात. यातला उपचाराचा भाग गळाला, तर उरते फक्त पोलिसांची धाड.

आणखी एक हत्यार राज्यभर उपलब्ध आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर दारूचं दुकान ठेवायचं की नाही यावर मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. अट कडक आहे, कारण न आलेल्या बाईचं मत आपोआप दुकानाच्या बाजूने मोजलं जातं. तरीही अनेक गावांनी बाटली आडवी केली आहे.

लागू काय पडतं?

उपचार म्हटलं की मोठं रुग्णालय आणि महागडं केंद्र डोळ्यांपुढे येतं. गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने दाखवलं, की सुरुवात त्याच्या कितीतरी आधी होऊ शकते. डॉक्टर नसलेल्या, साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी समुपदेशक तयार केले आणि सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. ताप-खोकल्याला आलेल्या पुरुषांना दारूबद्दल काही प्रश्न विचारायचे. पिणं घातक पातळीवर असेल, तर एक ते चार बैठकांत त्याच्याशी बोलायचं. कधी पितोस, कुणाबरोबर, प्यायचं मन झालं तर त्या वेळी दुसरं काय करता येईल? तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. फरक दहा टक्क्यांचाच, पण आरोग्य केंद्रात आणि इतक्या थोड्या खर्चात मिळालेला.

ज्यांचं व्यसन त्यापुढे गेलंय, त्यांच्यासाठी निवासी उपचार लागतात. पुण्यातलं 'मुक्तांगण' १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांच्या देणगीचा त्याला हातभार होता. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या पोरांसाठी उघडलेलं हे केंद्र पुढे दारूच्या रुग्णांनी भरलं. रुग्णाबरोबर त्याच्या बायकोशीही बोलायचं, तिचा वेगळा गट चालवायचा आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा ठेवायचा, हे तिथलं वैशिष्ट्य. व्यसन परत उलटतं, हे गृहीत धरूनच तिथे काम चालतं. उलटल्यावर दार बंद होत नाही.

आणि मदतीचं काय? ती घरातल्या बाईच्या स्वतःच्या खात्यात जावी, कारण खर्चाचा घरातला निर्णय त्याने बदलतो. व्यसनी माणसाच्या बाबतीत, त्याच्या संमतीने, भाडं आणि रेशन थेट भागवण्याची सोय असावी. आणि मद्यावरच्या करातला ठरावीक वाटा तालुक्यातालुक्यांत समुपदेशक नेमण्यासाठी बाजूला काढावा. नशेची झडती, लायकीचे दाखले आणि दर महिन्याचा संशय यांवर खर्च होणारी सरकारी शक्ती त्या ३८ मधल्या उरलेल्या ३७ जणांकडे वळवली, तर दोन्ही प्रश्नांना हात लागेल.

गरिबाला दिलेली मदत दारू वाढवत नाही, आणि मदत तोडल्याने दारू सुटत नाही. एवढं पुराव्याने ठरलेलं आहे. तुमच्या घरात, वस्तीत किंवा कामावर कुणाला दारू सुटत नसेल, तर १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक विनामूल्य आहे. मनोविकारांसाठी 'टेली-मानस'चा १४४१६ आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही जाता येतं. रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरला न विचारता एकदम बंद करू नका, त्यात जिवाला धोका असतो. आणि त्याच्या घराला मिळणारं अनुदान त्याच्या पिण्यामुळे बंद करा, असा अर्ज कुणी तुमच्यासमोर सहीला आणला, तर सही करू नका. त्या अनुदानावर त्याची मुलंही जेवतात.